पुण्यात बसून आयर्लंडच्या फेअरी फोर्टचा अभ्यास कसा करावा

लोकसाहित्याची आवड आहे, पण आयर्लंडला जाण्याचा योग नजीकच्या काळात दिसत नाही, अशा पुणेकर वाचकासाठी हे मार्गदर्शन आहे. फेअरी फोर्ट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जागा (ज्यांत अलौकिक मंडळी राहतात असे मानले जाई ते जुने गोल बांध), त्यांच्याभोवतीच्या समजुती आणि त्या समजुतींच्या मूळ हस्तलिखित नोंदी यांचा मोठा भाग आज घरबसल्या आणि विनामूल्य पाहता येतो. अडचण साधनांची नसते, ती क्रमाची असते. बहुतेक जण परीकथांपासून आरंभ करतात आणि पंख व जादूची छडी यांच्या चित्रांतून पुढे बाहेरच पडत नाहीत. मी सुचवीत असलेला क्रम याच्या उलट आहे: प्रथम जमीन, मग नकाशा, मग त्या जमिनीवर राहणाऱ्यांचे म्हणणे आणि सर्वांत शेवटी त्यातील अलौकिक मंडळी. कारण या समजुतीचा भक्कम पुरावा कथेपेक्षाही शेतकऱ्याने नांगर कोठे वळवला आणि कोणत्या झुडपाला कोयता लावला नाही, यात सापडतो.

आधी जागा समजून घ्यावी

फोर्ट म्हटल्यावर पुणेकराच्या डोळ्यांपुढे सिंहगड किंवा राजगड उभा राहतो. तो प्रथम बाजूला सारावा. आयर्लंडमधील हे फोर्ट म्हणजे गवताने झाकलेले, साधारण गोलाकार मातीचे बांध असून बांधाच्या बाहेरच्या अंगाला बहुधा खंदक असतो. बहुतेकांचा व्यास २० ते ६० मीटरच्या दरम्यान भरतो, म्हणजे एखाद्या मध्यम वाड्याचे आवार आणि भोवतालची मोकळी जागा त्यात मावेल. जेथे दगड मुबलक आहे अशा पश्चिम भागात मातीच्या बांधाऐवजी कोरड्या दगडी भिंती आढळतात. संपूर्ण बेटावर अशी सुमारे ४५,००० ठिकाणे ओळखली गेली आहेत. पुरातत्त्वज्ञांच्या मते त्यांपैकी बहुतेक इसवी सन ५०० ते १००० या काळातील शेतकरी कुटुंबांची कुंपणबंद घरे होती. बांधाच्या आत लाकडी किंवा कुडाची घरे असत, गुरे चोरांपासून आणि लांडग्यांपासून सुरक्षित राहत, आणि काही ठिकाणी दगडांनी बांधलेले अरुंद भुयार असे, ज्याचा उपयोग धान्य व दूधदुभते साठवण्यासाठी आणि संकटात लपण्यासाठी होई.

ही घरे ओस पडली, त्यांतील माणसे विस्मृतीत गेली आणि बांध मात्र शिल्लक राहिले. कोणी बांधले हे माहीत नसलेल्या वास्तूला मालक शोधण्याची ओढ सर्वत्र सारखीच असते. आपल्याकडे कोणतेही जुने लेणे दाखवून ‘हे पांडवांनी एका रात्रीत कोरले’ असे सांगितले जाते आणि जंगली महाराज रस्त्यावरचे पाताळेश्वरही त्यातून सुटलेले नाही. आयर्लंडच्या खेड्यांत हेच बांध ‘डेन लोकांनी’, म्हणजे व्हायकिंगांनी, उभारले असे सांगण्याची रीत होती, जरी व्हायकिंग येण्यापूर्वीच त्यांतील पुष्कळ बांधले गेले होते. दुसरे उत्तर अधिक खोलवर रुजले. मध्ययुगीन आयरिश ग्रंथांनुसार तुआहा डे डानन नावाच्या देवसदृश लोकांचा, आयरिश लोकांचे पूर्वज मानल्या गेलेल्या मिलेशियनांनी पराभव केला, आणि त्यानंतर ते टेकड्यांच्या व उंचवट्यांच्या पोटात राहायला गेले. ख्रिस्ती लोककथांत त्याच मंडळींना स्वर्गातून काढलेले, पण नरकात टाकण्याइतके वाईट नसलेले देवदूत ठरवले गेले. खेडूत त्यांचे थेट नाव घेण्याचे टाळत आणि ‘भले लोक’ किंवा नुसतेच ‘ते’ असे म्हणत, कारण ते ऐकत असतात अशी भावना होती. रात्री सापाला ‘जनावर’ म्हणणाऱ्या घरात वाढलेल्या वाचकाला ही सावधगिरी वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

नकाशा उघडून एक परगणा निवडावा

सर्व आयर्लंड एकदम वाचायला घेऊ नये. क्लेअर, केरी, टिपररी, रॉसकॉमन यांपैकी एखादी काउंटी निवडावी आणि तिच्यातही एकच लहान भाग घ्यावा. आयर्लंडच्या राष्ट्रीय स्मारक विभागाचा पुरातत्त्वीय नकाशा इंटरनेटवर खुला असून त्यावर प्रत्येक नोंदलेले स्मारक बिंदूने दाखवलेले आहे. बिंदूवर क्लिक केल्यास त्या स्मारकाचा प्रकार, आणि अनेक ठिकाणी मोजमापांसह वर्णन मिळते. त्यानंतर तीच जागा उपग्रहचित्रात पाहावी. हिरव्या शेतांच्या जाळीत मध्येच झाडाझुडपांचे एखादे कडे दिसेल आणि शेताची कुंपणे त्याला वळसा घालून गेलेली दिसतील. हा वळसा वहीत लिहून ठेवावा, कारण पुढे वाचायच्या कथांची जमिनीवरची साक्ष तीच आहे. शक्य झाल्यास १८२९ ते १८४२ या काळात ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी सर्वेक्षण खात्याने तयार केलेले सहा इंची (मैलाला सहा इंच या प्रमाणाचे) नकाशेही ताडून पाहावेत. त्या वेळी असलेले आणि आज नाहीसे झालेले फोर्ट त्यांत सापडतात.

गावांच्या नावांकडेही लक्ष असावे. लिस, रॅथ, डून, कॅहर, कॅशेल यांनी सुरू होणारी नावे अशा कुंपणबंद जागांची खूण असतात: लिस्मोर, लिस्डूनवार्ना, डब्लिनचे रॅथमाइन्स आणि रॅथफार्नम. आयर्लंडमध्ये गावाहून लहान असा टाउनलँड नावाचा जमिनीचा घटक असतो, आपल्याकडच्या शिवारासारखा, आणि लोककथांमधील पत्ते बहुधा त्याच घटकाने दिलेले असतात. म्हणून टाउनलँडचे नाव टिपल्याशिवाय पुढे जाऊ नये.

शाळकरी मुलांच्या वह्या वाचाव्यात

आता मुख्य काम. आयरिश लोकसाहित्य आयोगाची स्थापना १९३५ मध्ये झाली आणि १९३७ ते १९३९ या काळात आयोगाने एक विलक्षण योजना राबवली. त्या वेळच्या आयरिश फ्री स्टेटमधील (आजच्या आयर्लंड प्रजासत्ताकातील) सुमारे ५,००० प्राथमिक शाळांतील वरच्या वर्गांच्या मुलांना, निबंध लिहिण्याऐवजी, घरातील व शेजारच्या वृद्धांकडून गावची माहिती विचारून लिहून आणण्यास सांगण्यात आले. त्यातून सुमारे ७,४०,००० पाने जमली. उत्तर आयर्लंडच्या सहा काउंट्या या योजनेत नव्हत्या, हे ध्यानात ठेवावे. त्या भागातील कथा येथे दिसल्या नाहीत म्हणून तेथे त्या नव्हत्या असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. हा संग्रह आज युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनमध्ये आहे आणि दूखस या संकेतस्थळावर पानन् पान पाहता येतो. पत्ता टंकताना डी-यू-सी-एच-ए-एस, मग डॉट, मग आय-ई अशी अक्षरे रोमन लिपीत टाकावीत. स्थळ, व्यक्ती आणि विषय अशा तिन्ही वाटांनी आत जाता येते. आपण नकाशावर निवडलेल्या भागातील शाळा स्थळाच्या वाटेने शोधावी आणि तिची वही पहिल्या पानापासून वाचावी. थेट ‘फेअरी फोर्ट’ शोधून शेकडो सुटी पाने वाचण्यापेक्षा एकाच शाळेची अख्खी वही वाचणे मला अधिक फलदायी वाटते, कारण तीत फोर्टच्या शेजारी लोहारशाळा, हवामानाचे ठोकताळे, दुष्काळाच्या आठवणी आणि लग्नाच्या चालीरीती येतात, आणि ही समजूत एका जगत्या गावातील अनेक गोष्टींपैकी एक होती हे आपोआप लक्षात येते.

काही वह्या इंग्रजीत आहेत, काही आयरिशमध्ये. आयरिश वह्यांत जुनी गेलिक लिपी आणि अक्षरांवरील ठिपके येतात. नवख्याने त्या सुरुवातीला सोडून द्याव्यात. इंग्रजी वह्यांतील हस्ताक्षर सहसा स्वच्छ असते. प्रत्येक नोंदीसाठी आपल्या वहीत टाउनलँड, सांगणाऱ्याचे वय, लिहिणाऱ्या मुलाची शाळा, प्रसंग आणि त्याचा परिणाम एवढे वेगवेगळे लिहावे. सांगणारा ‘माझ्या आजोबांनी पाहिले’ म्हणतो की ‘लोक म्हणतात’ म्हणतो, हा भेद अवश्य टिपावा. पहिल्यात साक्षीदार असतो, दुसऱ्यात गाव बोलत असते, आणि दोन्हींचे वजन सारखे नसते.

कथांचे गट पाडताना

काही वह्या वाचून झाल्या की त्याच त्या घटना फिरून येऊ लागतात. फोर्टमध्ये रात्री दिवे दिसतात किंवा संगीत ऐकू येते; एका फोर्टपासून दुसऱ्या फोर्टपर्यंत भुयार आहे; आत सोन्याने भरलेला हंडा पुरलेला असून त्यावर कुत्रा किंवा बैल राखण करतो; सुईणीला मध्यरात्री एका अनोळखी घरी नेले जाते आणि सकाळी ते घर म्हणजे फोर्ट असल्याचे कळते. यांवर फार वेळ घालवण्याची गरज नाही, फक्त स्थळ टिपून पुढे जावे. भुयाराच्या कथा तेवढ्या नकाशाशी ताडून पाहाव्यात, कारण काही फोर्टमध्ये भुयार खरोखरच सापडलेले आहे.

सर्वांत काळजीने वाचायचा गट अपायाच्या कथांचा. एका शेतकऱ्याने फोर्टचा बांध सपाट केला आणि त्याची गुरे मेली. दुसऱ्याने बांधावरचे एकटे हॉथॉर्नचे काटेरी झुडूप तोडले आणि त्याचे तोंड वाकडे झाले किंवा हात लुळा पडला. हॉथॉर्नला मे महिन्यात पांढरा बहर येतो, आणि तो घरात आणणेही अशुभ मानले जाई. या कथांत शिक्षा तात्काळ, शरीरावर आणि सर्वांना दिसेल अशी असते, आणि गुन्हा नेहमी जमिनीला हात लावण्याचा असतो, श्रद्धा न ठेवण्याचा नसतो. म्हणूनच अविश्वासू शेतकरीही फोर्टला वळसा घालत असे. श्रद्धा असो वा नसो, धोका पत्करण्याचे त्याला कारण नव्हते. हजार-दीड हजार वर्षे जुने मातीचे बांध पेरणीच्या जमिनीत इतक्या संख्येने टिकण्यामागे ही भीती हे एक मोठे कारण मानले जाते. १९३० च्या राष्ट्रीय स्मारक कायद्याने संरक्षण दिले खरे, परंतु विसाव्या शतकात यंत्रे आली आणि शेतसुधारणेच्या नादात पुष्कळ फोर्ट नाहीसे झाले.

याच गटात एक वेदनादायक धागा आहे, आणि तो बहुतेक उत्साही लेखांतून गळतो. बाप्तिस्मा होण्यापूर्वी दगावलेल्या बालकांना चर्चच्या स्मशानभूमीत जागा मिळत नसे. त्यांना गावाबाहेरच्या जागी रात्री मूकपणे पुरले जाई, आणि अशा जागांत अनेक जुने फोर्टही होते. अशा दफनाच्या जागांना किलीन म्हणतात. एखाद्या वहीत ‘तेथे कोणी खणत नाही’ एवढेच वाक्य असेल, तर त्यामागे ‘भल्या लोकांची’ भीती असेल किंवा शेजारणीचे मूल असेल. पुरातत्त्वीय नकाशावर त्या जागी बालकांच्या दफनभूमीची नोंद आहे का, हे पाहिल्याशिवाय अशा नोंदीचा अर्थ लावू नये.

नकाशा आणि कथा यांची फारकतही कधी कधी बोलकी असते. टिपररीतील नॉकग्राफ्टनची कथा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून छापील रूपात मिळते. एक कुबडा माणूस तेथे रात्री विसावला असता आतून ‘सोमवार, मंगळवार’ एवढेच शब्द असलेले गाणे त्याला ऐकू आले. त्याने लय सांभाळून ‘आणि बुधवार’ अशी भर घातली, तेव्हा आतली मंडळी इतकी खूश झाली की त्यांनी त्याचे कुबड काढून टाकले. हे ऐकून दुसरा कुबडा तेथे गेला, लयीचा विचार न करता मध्येच ओरडला, आणि पहिल्याचे कुबडही आपल्या पाठीवर घेऊन परतला. आता नकाशा पाहावा: नॉकग्राफ्टन हा शेतकऱ्याचा गोल बांध नसून ११९२ मध्ये अँग्लो-नॉर्मनांनी उभारलेला मातीचा बुरूजवजा ढिगारा आहे. सांगणाऱ्यांना हा भेद महत्त्वाचा नव्हता. मानवनिर्मित, जुने आणि मालक नसलेले काही उंचवट्यावर दिसले की ते ‘त्यांचे’ ठरे. आपल्या वहीत म्हणून दोन स्वतंत्र रकाने ठेवावेत, पुरातत्त्वज्ञ काय म्हणतो आणि गाव काय म्हणते, आणि एकाने दुसऱ्याला दुरुस्त करू नये.

ब्रिजेट क्लिअरी आणि अभ्यासकाची जबाबदारी

या विषयात रमणाऱ्याने १८९५ ची एक घटना टाळू नये. टिपररीतील बॅलिव्हॅडली येथे ब्रिजेट क्लिअरी ही तरुण विवाहिता आजारी पडली. ही आपली पत्नी नव्हे, तिला फोर्टमध्ये नेऊन तिच्या जागी दुसरेच कोणी ठेवले आहे, असे तिचा पती मायकेल याने ठरवले. नातलगांसमक्ष तिचा छळ झाला आणि अखेर तिला जाळण्यात आले. खरी ब्रिजेट जवळच्या किलनाग्रॅना फोर्टमधून पांढऱ्या घोड्यावर बसून बाहेर येईल, या समजुतीने तो तेथे रात्री वाट पाहत राहिला. सदोष मनुष्यवधासाठी त्याला शिक्षा झाली. फोर्टची समजूत बांधांचे रक्षण करते, तीच समजूत आजारी स्त्रीच्या जिवावरही उठते. पुण्यात, जेथे नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाली आणि त्याच वर्षी महाराष्ट्राने अघोरी प्रथांविरुद्धचा कायदा केला, तेथे ही बाजू सौम्य करून सांगण्याचा मोह कोणाला होऊ नये. समजुतीची नोंद करणे आणि समजुतीची भलामण करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपली नोंदवही पहिल्यासाठी आहे.

वर्तमानपत्रांतील फोर्ट

ही समजूत आजही बोलली जाते याचे दाखले वर्तमानपत्रांत मिळतात, पण ते वाचताना कोण बोलत आहे आणि कशासाठी, हे पाहावे. १९९९ मध्ये क्लेअरमधील लाटून येथे नव्या रस्त्याच्या मार्गात एक हॉथॉर्न येत होते. कथाकथनकार एडी लेनिहन यांनी ते मन्स्टर व कॉनॉट या प्रांतांतील ‘भल्या लोकांच्या’ लढायांशी जोडलेले असल्याचे सांगून मोहीम चालवली, आणि झुडूप वाचवून रस्ता बाजूने काढण्यात आला. २०१७ मध्ये केरीचे लोकप्रतिनिधी डॅनी हीली-रे यांनी किलार्नीकडील एन-२२ रस्त्यावर पुन्हा पुन्हा पडणाऱ्या खचीचा संबंध त्या भागातील फोर्टशी लावला, आणि फोर्ट पाडण्यापेक्षा आपण उपाशी राहू असेही सांगितले. परदेशी वृत्तपत्रांनी दोन्ही बातम्या गमतीच्या सदरात छापल्या. मला त्यांत रस वाटतो तो वेगळ्या कारणाने: सार्वजनिक बांधकामाविषयीच्या चर्चेत ही भाषा तेथे अजून उच्चारता येते. वेताळ टेकडीवरील रस्त्यांना पुण्यात झालेला विरोध झाडे, भूजल आणि मोकळी हवा यांच्या भाषेत झाला. वेताळाच्या कोपाचा मुद्दा कोणी हरकतपत्रात लिहिल्याचे फारसे दिसत नाही.

पुणे जिल्ह्यात हीच पद्धत वापरून पाहावी

आयरिश वह्या वाचून हात बसला की मावळ, मुळशी, जुन्नर किंवा भोर भागात तीच पद्धत चालवून पाहता येते. या कामाला पुण्यात परंपरा आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी शहराभोवतीच्या टेकड्या पायी फिरून लहान देवस्थाने, जुन्या पायवाटा आणि सूक्ष्म दगडी हत्यारे यांचा एकत्र विचार केला, तर माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांच्या नोंदी केल्या. देवराईतून वाळकी फांदीही न उचलण्याचा नियम आणि फोर्टवरचे झुडूप न तोडण्याचा नियम यांत साम्य आहे. परंतु देवराईत देव असतो, त्याचा उत्सव असतो आणि कौल लावून परवानगी मिळू शकते. फोर्टवर पूजा होत नाही. तेथील मंडळींना नवस बोलत नाहीत, त्यांच्या वाटेला जात नाहीत, इतकेच. एवढा फरक लक्षात न घेता ‘आपल्याकडेही हेच आहे’ म्हणणे हा या अभ्यासातील सर्वांत सोपा आणि सर्वांत निरुपयोगी निष्कर्ष होय. तुलना करायचीच तर लहान, मोजता येण्याजोग्या वस्तूंची करावी. आयर्लंडमध्ये पाळण्यावर लोखंडी चिमटा आडवा ठेवीत, आणि आपल्याकडे बाळाच्या उशाखाली विळा किंवा लोखंडाचा तुकडा ठेवतात; तेथे रानात वाट चुकल्यास कोट उलटा घालीत, आपल्याकडे चकवा लागल्यावर काय करतात ते प्रत्येक खोऱ्यात विचारून घ्यावे.

विचारण्याची रीत महत्त्वाची आहे. ‘आजी, तुमचा भुताखेतांवर विश्वास आहे का?’ असे विचारल्यास शहरातून आलेल्या माणसाला हवे असेल ते उत्तर मिळते आणि संभाषण संपते. त्याऐवजी जे डोळ्यांना दिसते त्यापासून सुरुवात करावी: ‘बाबा, हा बांध इथंच का वळला?’, ‘मावशी, या पिंपळाची फांदी कधी कोणी तोडली होती का? मग काय झालं?’, ‘म्हसोबाचा हा दगड नांगराच्या आड येत नाही का?’ उत्तर येईपर्यंत थांबावे आणि मध्ये आपला तर्क घालू नये. ध्वनिमुद्रण करायचे असल्यास आधी विचारावे. बाधा, करणी किंवा कोणा बाईवरचा आळ यांची कथा आली, तर त्यातील जिवंत माणसांची नावे वहीतही लिहू नयेत, मग ती प्रसिद्ध करणे दूरच. आणि एखाद्या आजारी माणसावर अघोरी उपचार चालू असल्याचे कळले, तर वही मिटून पोलिसांना कळवावे.

तुमचे इंग्रजी वाचन चांगले असेल, तर दूखस संकेतस्थळावरच स्वयंसेवकांसाठी प्रतिलेखनाची सोय आहे: मुलांच्या हस्ताक्षरातील पाने वाचून ती टंकून द्यायची. मुलाने केलेली शुद्धलेखनाची चूक सुधारायची नाही, ओळ जशी आहे तशीच उतरवायची, आणि एखादा शब्द लागला नाही तर अंदाजाने भरू नये, पान पुढच्या वाचकासाठी सोडून द्यावे.